काचेवरचा कागद

भिंगरी: थांब ना मामा, मध्ये बोलू नकोस, खरी मजा तर पुढे आहे! ऐका हं, कालचा पेपर आहे, मला आत्ता मिळाला. 'नगर कार्यालयाने शिंप्याच्या दुकानाच्या काचेवर लावलेली सूचना पुन्हा एकदा फाडण्यात आली आहे. परदेशातून आलेल्या या कष्टाळू माणसाचा धंदा वाढू नये, असं कुणाला वाटतं?' बाबा, शिंपी म्हणजे तुम्ही! पहिल्या पानावर! फोटोसकट!

बाबा: माझा फोटो?

भिंगरी: दुकानाचा. तुम्ही आत वाकून कुणाची तरी पँट उसवताय, नुसती पाठ दिसते. पण पाठीवरून लगेच ओळखता येतं.

मामा: मी म्हटलं नव्हतं भाऊजी? या लोकांच्या मनात काय असतं ते वर्तमानपत्रात कळतं. तोंडावर सगळे गोड. तुमच्या आधी आलोय मी इथे, मला विचारा.

भिंगरी: तुला अजून कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा ते माहीत नाही. आई सांगत होती.

मामा: ते इथल्या लोकांनासुद्धा माहीत नाही. सगळे शेजाऱ्याच्या डब्यात बघून टाकतात.

बाबा: भिंगरे, ती सूचना म्हणजे कसली सूचना?

भिंगरी: अहो, आपल्या अर्जाची! मागच्या खोलीत आणखी दोन मशीन बसवायची परवानगी मागितली ना आपण? आई हॉटेलच्या लाँड्रीतलं काम सोडून इथे येणार म्हणून? मीच भरला होता ना अर्ज! मी बसलेय टपालाची वाट बघत, आणि यांची पद्धत काय, इथे छापलंय बघा, तर दुकानाच्या काचेवर कागद लावायचा. म्हणजे येणारा-जाणारा वाचणार, आणि कुणाला मशीनच्या आवाजाचा त्रास होणार असेल तर त्याने कळवायचं. मुदतीत कुणी काही बोललं नाही, की परवानगी मिळाली!

मामा: शेजाऱ्यांना विचारायचं? आपल्याकडे विचारावं लागत नाही, ते आपणहून सांगतात.

बाबा: म्हणजे... तो कागद वाईट नव्हता?

भिंगरी: वाईट कशाला? उलट तो तसाच राहायला हवा होता. मुदत संपायच्या आत निघाला, की पुन्हा पहिल्यापासून. आणि कुणीतरी रोज रात्रीतून काढतंय! कार्यालयाची माणसं संध्याकाळी आपण गेल्यावर लावतात, आणि सकाळी काच लख्ख!

मामा: सरकारी काम, सहा महिने थांब. इथेही तेच, फक्त रांगेत बसायला खुर्ची मिळते.

बाबा: पुढे वाच.

भिंगरी: पुढे काय, बाजूचं चष्म्याचं दुकान! 'शेजारच्या दुकानदार बाईंशी शिंप्याचे संबंध चांगले नाहीत, असे त्याने स्वतः आमच्या प्रतिनिधीला सूचित केले.' बाबा! तुम्ही असं सांगितलंत?

बाबा: मी? परवा एक दाढीवाला आला होता. कोटाचं बटण लावून घेतलं, मग वही काढून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारायला लागला. चष्म्याच्या दुकानाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, विचारतोय, तिथे चष्मा चांगला मिळतो का. मी म्हटलं, हो, हो.

मामा: आणि मान हलवली असेल.

बाबा: हलवली. गिऱ्हाईक काही बोललं की मी मान हलवतो. मग टाचणी लावतो.

भिंगरी: अरे देवा! तुमच्या एका मानेवरून त्याने आख्खा रकाना भरलाय! आणि कळस ऐका. आज दुकान उघडायच्या वेळी इथले लोक आपल्या दाराशी जमणार आहेत. आपल्याला पाठिंबा द्यायला! कार्यालयातली मुलगी येणार, तो दाढीवाला येणार. ते बघा ना बाहेर, आत्ताच कोण कोण उभे आहेत. ती निळ्या टोपीवाली आजी फुलं घेऊन आलीय!

मामा: वा! भाऊजी, शर्ट बदला. बनियनवर कोट घातलाय तुम्ही. अशी जाहिरात विकत मिळत नाही.

बाबा: त्या बाईंच्या दुकानात कुणी दिसत नाही.

भिंगरी: नाहीच जात कुणी. कालपासून लोक चष्मे दुरुस्त करायला पार पुलापलीकडे जातायत म्हणे. माझ्या वर्गातल्या मुली सांगत होत्या. आणि कुणीतरी त्यांच्या काचेवर कागद चिकटवलाय. मी येताना वाचला.

बाबा: काय लिहिलंय?

भिंगरी: 'लाज वाटू द्या.' मोठ्या अक्षरात.

मामा: बरं झालं. बाई कधी हसत नाही, नमस्कार केला तर नुसती भुवई उचलते. मला पहिल्यापासून शंका होती. रात्री येत असेल आणि नखांनी टराटरा फाडत असेल कागद...

बाबा: फाडला नाही.

मामा: अहो छापलंय ना, फाडण्यात आली!

बाबा: काहीही छापतात! कोपरासुद्धा दुमडला नाही. असा कागद फाडायला लागलं तर निम्मा काचेला चिकटून राहतो, मग पात्याने खरवडावं लागतं, काचेवर ओरखडे येतात. इस्त्रीची वाफ द्यायची, खालून वर. आपोआप सुटून येतो. मग ओल्या फडक्याने गोंद, कोरड्या फडक्याने काच.

भिंगरी: बाबा?

बाबा: काय.

भिंगरी: तुम्ही?

बाबा: मी रोज सकाळी आधी काच पुसतो. तुला माहीत आहे.

भिंगरी: पण त्यावर शिक्का होता! एवढा मोठा शिक्का!

बाबा: शिक्का होता म्हणूनच काढला. लोक वाचायच्या आत.

मामा: भाऊजी, काय हे! मी इथे चार लोकांत सांगत फिरतोय की आपल्या माणसावर अन्याय होतोय!

भिंगरी: मला विचारायचं ना! मी शाळेतून आल्यावर रोज इथेच तर बसते, त्या स्टुलावर! एकदा दाखवला असतात तर धडाधड वाचून दाखवला असता!

बाबा: तुला दाखवायचा नव्हता.

भिंगरी: का?

बाबा: तिकडे, बाजारात, तुझ्या आजोबांच्या दुकानाच्या दारावर असाच एकदा कागद लागला होता. शिक्क्याचा. जप्तीचा. तो आमचा नव्हताच, मागच्या गल्लीतल्या गाळ्याचा होता. शिपायाचं दार चुकलं. पण ते कळेपर्यंत आख्ख्या बाजाराने वाचला. नंतर साहेब येऊन माफी मागून गेला. ती कुणी वाचली नाही. आजोबा त्यानंतर बाजारातून जाताना रस्त्याची कड धरून चालायचे. मी तुझ्याहून लहान होतो.

भिंगरी: हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

बाबा: सांगण्यासारखं काय आहे त्यात? सकाळी येऊन बघतो तर काचेवर शिक्का. म्हटलं, काय चुकलं असेल ते निस्तरू, पण आधी हे खाली उतरवू. आणि तू तर अर्ज भरल्यापासून हवेत होतीस. माझ्यामुळे परवानगी मिळणार, माझ्यामुळे आई घरी लवकर येणार. म्हटलं, हिला कशाला एवढ्यात सांगायचं.

मामा: बरं, झालं ते झालं. आता माझं ऐका, दोघंही. कुणाला काही कळलेलं नाही. लोक आपल्या बाजूने आहेत. आता बाहेर जायचं, हात जोडायचे, फुलं घ्यायची. कार्यालय घाबरलेलं आहे, पटकन परवानगी देऊन मोकळं होईल. ताईने लाँड्रीत सांगूनसुद्धा ठेवलंय सोडतेय म्हणून! आता खरं सांगायला गेलात तर अर्जच रद्द होईल. मग ती काय करणार? परत जाऊन म्हणणार, घ्या मला?

भिंगरी: आणि चष्मेवाल्या बाई? चोर सोडून संन्याशाला फाशी?

मामा: लोक विसरतात गं. दोन दिवस.

बाबा: नाही विसरत.

भिंगरी: बाबा, असं करू या का? मी सांगते की पावसाने निघाला असेल. किंवा वाऱ्याने! मी असं मस्त सांगेन ना, कुणाला वाईट वाटणार नाही, तुम्हालाही कुणी हसणार नाही...

बाबा: पाऊस कुठे पडलाय? ती वाफेची इस्त्री दे. लांब वायर पण दे, त्यांच्या दारापर्यंत पोचेल अशी. दोन फडकी घे, एक ओलं, एक कोरडं.

मामा: अहो, सगळ्यांसमोर?

बाबा: सगळ्यांसमोरच लागलाय ना त्यांचा कागद? भिंगरे, मी बोलेन तसंच्या तसं सांगायचं. आतून अस्तर लावू नकोस.

भिंगरी: लोक हसतील, बाबा.

बाबा: हसू दे. चल.

(तिघं बाहेर जातात. बऱ्याच वेळाने दारावरची घंटी पुन्हा वाजते.)

भिंगरी: मामा, तू मध्येच कुठे गायब झालास?

मामा: मी गर्दी सांभाळत होतो.

भिंगरी: खांबामागून?

बाबा: भांडू नका. त्या कार्यालयातल्या मुलीने काय सांगितलं ते नीट सांग. मला नुसते तिचे डोळे मोठे झालेले दिसले.

भिंगरी: तिला तोंड कसं करावं तेच कळत नव्हतं! म्हणाली, नियमात शेजाऱ्याने काढली तर काय, मुलांनी काढली तर काय, सगळं आहे. ज्याच्यासाठी लावली त्यानेच काढली तर काय, ते नाहीच! वर फोन केला. वरच्यालाही कळेना. मग ठरलं, रद्द नाही, पण पुन्हा पहिल्यापासून. नवी सूचना, नवी मुदत.

मामा: म्हणजे ताई...

बाबा: मी सांगेन तिला. आज मीच घ्यायला जाईन लाँड्रीवर.

मामा: आणि तो दाढीवाला? तो काय लिहिणार उद्या?

भिंगरी: तो दोनदा म्हणाला, मला समजलं नाही. मी दोनदा सांगितलं. मग त्याने वही मिटली, आणि आजोबांना पुढे काय झालं ते विचारलं.

बाबा: आणि बाई? मी कागद सोडवत होतो तेव्हा त्या शेजारी उभ्या राहून तुझ्याशी एवढं काय बोलत होत्या? रागावल्या होत्या ना?

भिंगरी: नाही, बाबा. त्यांना माहीत होतं.

बाबा: काय माहीत होतं?

भिंगरी: तुम्हीच काढताय ते. त्या तुमच्याही आधी येतात दुकानात. पहिल्या दिवसापासून बघतायत.

मामा: मग बोलली का नाही ही बाई? एवढं सगळं अंगावर घेतलं!

भिंगरी: मी तेच विचारलं. म्हणाल्या, तो इतक्या काळजीने काढायचा, घडी घालायचा, आत नेऊन ठेवायचा. मला वाटलं, त्यांच्याकडे असंच करत असतील. परक्या माणसाच्या रीतीभातीत आपण कशाला बोलायचं.

मामा: आता काय म्हणावं या लोकांना!

बाबा: कुठाय तो नवा कागद?

भिंगरी: हा घ्या. गोंद त्या मुलीने दिलाय. लावायची माणसं संध्याकाळी येतील म्हणाली.

बाबा: कशाला? मीच लावतो. मापाची टेप दे, मधोमध आला पाहिजे. तू बाहेर जाऊन बघ. सरळ आहे?

भिंगरी: डावीकडे किंचित वर! हां... बस्स! एकदम सरळ! ती निळ्या टोपीवाली आजी वाचायलासुद्धा लागली!

बाबा: वाचू दे.

भिंगरी: आणि उद्या सकाळी, बाबा?

बाबा: उद्या सकाळी कडेकडेने पुसेन.