तोरगायरचा हीटर आणि मागच्या सीटवरची बाई

…आणि वर मलाच म्हणतो, "गुनवोर, श्वास जरा बेतानं सोड, काचांवर वाफ धरतेय!" आता बोला! इतकी वर्षं संसार केला, या माणसानं साखर कमी करायला लावली, बडबड कमी करायला लावली, अंघोळीचं पाणी कमी करायला लावलं, सगळं केलं हो मी, पण श्वास? तुम्हाला सांगते, फेब्रुवारीचा महिना, आमची गाड्या नेणारी बोट खाडीच्या मधोमध, बर्फ वरून खाली पडायचं सोडून आडवा उडतोय, आणि त्या बोटीच्या उघड्या डेकवर, गाडीत, आम्ही दोघं नवराबायको असे बसलोय की, बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, गोठवलेली मासळी चाललीय बाजाराला. आणि हीटर? हीटरचं नाव काढायचं नाही!

पूर्वी आमची डिझेलची गाडी होती. बोटीवर चढलं की इंजिन बंद करावं लागायचं, सगळेच कुडकुडायचे, कुणाचा कुणावर राग नसायचा. आता ही विजेची. हिला ना धूर ना आवाज, बटण दाबायचा अवकाश, बसल्या जागी ऊबच ऊब, जाहिरातीत तर ती बाई चक्क बिनबाह्यांच्या पोलक्यात बसली होती हो, बाहेर बर्फ! मी म्हटलं, घेऊ या. घेतली. तेव्हापासून तोरगायर त्या बटणाची राखण करतोय. फार झालं तर सीट गरम करू देतो, तीसुद्धा आळीपाळीनं, आधी माझी, मग त्याची. म्हणजे बूड स्पेनला आणि नाक उत्तर ध्रुवाला!

बरं, कंजूष म्हणावं तर तसंही नाही. म्हणजे, आहे कंजूष, आहेच, पण त्या दिवशी कारण होतं. सकाळीच आमच्या सुनिवाचा फोन आला, "आई, सुरू झालंय बहुतेक." तारखेला अजून अवकाश होता हो! पहिलटकरीण पोर, खाडीपलीकडे घाटावर घर, जावई आयविंद समुद्रात तेलाच्या विहिरीवर कामाला, वादळात हेलिकॉप्टर उडेना म्हणून तिथंच अडकलेला. हातातलं विणकाम तसंच टाकून निघालो. गाडी रात्रभर चार्ज करायची ती अर्धवट झालेली, आणि पुढे खाडी, मग तो घाट, घाटात चार्जर औषधालाही नाही, आणि वेळ आलीच तर पोरीला घेऊन तसंच पुढे रुग्णालयात जायचं. तोरगायर म्हणाला, "ऊब आपल्याला नको, तिला हवी. बॅटरीचा एकेक टक्का तिच्यासाठी." आईच ना मी? टोपी कानांवर ओढली. दात वाजत होते, वाजू दिले.

एरवी ही खाडी म्हणजे काय? वर सलूनमध्ये जायचं, एक कॉफी, एक गरम स्वेले, म्हणजे मऊ, जाडसर गोड धिरडं, आत लोणी आणि तपकिरी चीज, शेवटचा घास संपेपर्यंत उतरायचा धक्का येतो. त्या दिवशी धक्का आला. म्हणजे दिसायला लागला, समोर, हा इथे! आणि वारा बोट लागूच देईना. पुढे जायची, मागे यायची, पुढे जायची, मागे यायची… मग कप्तानाचा आवाज, असा शांत, झोपेतून उठल्यासारखा, "वारा पडेपर्यंत थांबावं लागेल. बोटीची बॅटरी जपायची आहे, त्यामुळे वरच्या सलूनचा हीटर आणि स्वेलेचा तवा बंद करत आहोत. धन्यवाद." ऐकलंत? बोटसुद्धा विजेची! कप्तानसुद्धा तोरगायरच निघाला! आणि आमचा तोरगायर मान डोलावतोय, "शहाणा माणूस आहे." गाडीत हीटर नाही, बोटीत हीटर नाही, मी म्हटलं, आता सूर्यसुद्धा बंद करा म्हणावं, तेवढीच बचत.

लोक वरून खाली आले आणि आपापल्या गाडीत जाऊन बसले. आमच्यात तशीच पद्धत. रांगेनं गाड्या, प्रत्येक गाडीत एकेक माणूस टोपी नाकावर ओढून गारठतोय, पण शेजारच्या काचेवर टकटक करेल? छे! माणसाला त्रास होईल ना! आम्ही नॉर्वेची माणसं एक वेळ गोठून जाऊ, पण अनोळखी माणसाला प्रश्न विचारणार नाही. एक बाई मात्र आमच्या गाडीच्या आडोशाला उभी होती, लाल टोपी, हातात भली मोठी पिशवी, गाडी नसावी तिला. मी म्हटलं, अरे, ती बाई गारठेल. तर तोरगायर काय म्हणाला असेल? "तिला आत घे. एक माणूस म्हणजे फुकटचा हीटर, टक्काही लागत नाही." माझ्या नवऱ्याला माणुसकी आली, पण हिशोबाच्या दारानं आली!

ती आली. मागे बसली. "आभारी आहे," म्हणाली. मी म्हटलं, "वारा आहे." ती म्हणाली, "आहे." तोरगायर म्हणाला, "आहे खरा." झालं, संभाषण संपलं. मी डब्यातला पाव दिला, थर्मासमधली कॉफी दिली. तिनं खाल्ला, प्यायली, पिशवी मांडीवर घट्ट धरून सारखी हात चोळत बसली. कोण असेल बाई? विमा विकत असेल? गुरांची डॉक्टर? कुणाला भेटायला चाललीय? जिभेच्या टोकावर आलं होतं हो, पण विचारायचं कसं? आणि आमच्याबद्दल तरी काय सांगायचं, परक्या बाईसमोर पोरीच्या कळांचं बोलायचं? मी आपली गुपचूप सुनिवाला निरोप टाइप करतेय, धीर धर, पोचतोच. गारठलेल्या बोटांनी भलतीच अक्षरं उमटतायत. माझा फोन वाजला की मागे तिचाही वाजायचा. मी म्हटलं, फार कामाची बाई दिसते.

असे आम्ही बसलो. किती वेळ कोण जाणे. मनात काय काय यायचं, पोर एकटी, घरात कुणी नाही, तिला पाणी तरी कोण देत असेल, वेळेवर सुईण मिळेल का… मी सांगते ना, मी घाबरले होते. तोरगायरही घाबरला होता, त्याच्या हाताला हात लावला तर बर्फाचा गोळा, आणि तो माझा हात सोडेना. आणि हीटर? नावच काढायचं नाही!

इतक्यात सुनिवाचाच फोन. ही ओरडतेय, "आई, आता कळा फार लवकर लवकर येतायत! ॲम्ब्युलन्स घाटापलीकडे बर्फात अडकलीय. पण सुईण तुमच्याच बोटीवर आहे! तिची गाडी तुमच्याकडच्या धक्क्यावर बंद पडली, ती पायीच चढलीय. तिला शोध, आई, आणि घेऊन ये!"

एवढ्या गाड्या, एवढी माणसं, कुठे शोधू? मी म्हटलं, "अगं, पण दिसते कशी ती?"

मागून आवाज आला, "लाल टोपी आहे."

आता काय म्हणायचं! एवढा वेळ, एवढा वेळ हो, ती बाई माझ्या पोरीची काळजी करत माझाच पाव खात होती, आणि मी तिच्याकडे पाठ करून सुईण मिळेल का म्हणून देवाला विचारत होते. देवाला विचारलं, तिला नाही विचारलं! ती म्हणाली, "मी हेरदिस. कुणाच्या घरचं बाळंतपण ते लोकांना सांगत नाही आम्ही." मी म्हटलं, "मी आई." ती म्हणाली, "आता कळलं." तोरगायरनं आरशातून तिच्याकडे बघितलं आणि गंभीरपणे पहिला प्रश्न विचारला, "गाडी बंद कशी पडली? हीटर लावला होता?" ती म्हणाली, "लावला होता." त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की, विचारू नका! जिंकला होता माणूस. आणि मग हेरदिस शांतपणे म्हणाली, "लावावाच लागतो. माझे हात गार असून चालत नाहीत. बाळाला पहिला हात लागतो तो माझा."

तुम्हाला सांगते, तोरगायरनं हात पुढे केला, स्वतःच्या हातानं, आणि बटण दाबलं. अर्धं नाही, पूर्ण! अशी ऊब आली, अशी ऊब आली की मला रडूच फुटलं. टोपी काढली, हातमोजे काढले, नाक परत मिळालं. तेवढ्यात वाराही पडला, बोट लागली. घाटभर हीटर चालू, तोरगायरनं एकदाही आकड्याकडे बघितलं नाही. मी बघितलं. बघायला नको होतं. सुनिवाच्या फाटकाशी गाडीनं मान टाकली ती टाकलीच. रुग्णालय कसलं नि काय, पण हेरदिस गरम हात घेऊन आत गेली, आणि माझी दुसरी कॉफी उकळायच्या आत आतून रडणं ऐकू आलं. मुलगी! तोरगायर पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी त्याला मिठी मारली. त्यानं मारू दिली.

आता नात चांगली बाळसं धरतेय. थंडी आहेच, पण आमच्याकडे बाळांनी दुपारची झोप बाहेर बाबागाडीतच काढायची, गाल कसे सफरचंद होतात! लोकरीत गुंडाळून ठेवतो, आणि शेजारी बर्फात खुर्ची टाकून आजोबा राखणीला. काल मला राहवलं नाही, घोंगडी घेऊन दारात उभी राहिले, म्हटलं, "तोरगायर, गोठशील, आत ये ना, घर छान गरम आहे." मान वर नाही, काही नाही, तिकडूनच हळू आवाजात म्हणतो, "दार लाव. ऊब बाहेर जातेय."