हिरव्याला हिरवाच

बरोब्बर दहा वाजून सतरा मिनिटांनी. वेळ ठाऊक आहे, कारण त्याच मिनिटाला खिशातला फोन थरथरला आणि माझा हात चुकला, आता त्यात दोष माझा किती आणि फोनचा किती ते तुम्हीच ठरवा, मी ठरवून ठरवून थकले.

तुम्हाला सांगते, मी लेसरच्या प्रयोगशाळेत तारा जोडते. तार म्हणजे केसाएवढी काच, तिच्या टोकाला जोडायचा कनेक्टर, निळा नाहीतर हिरवा. निळ्याचं टोक सपाट, हिरव्याचं तिरकं घासलेलं. तिरकं कशाला? तर प्रकाश टोकावर आपटून आल्या वाटेने लेसरमध्ये शिरू नये म्हणून. मी सातवी शिकलेली, पण एवढं पहिल्याच दिवशी डोक्यात बसलं, कारण प्रयोगशाळेच्या मॅडम चारदा म्हणाल्या, "हिरव्याला हिरवाच हं. परत आलेला प्रकाश लेसरला वेड लावतो." तर गेलेलं परत येतं ना, सगळा घोळ तिथेच असतो बघा.

आणि दिवस कोणता? माझ्या तीन महिन्यांच्या परीक्षेचा शेवटचा. ठेवायचं की घरी पाठवायचं, संध्याकाळी ठरणार. घरी बसायची माझी तयारी नाही, नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात दूध येतं, डॉक्टर येत नाही. आणि आमची ठमी, चौदा महिन्यांची, नाक गळतंय, पाळणाघरात. नऊला सोडली, साडेनऊला मी फोन केला. पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या, "खेळतेय हो मजेत. थांबा, बोला तिच्याशी." आणि फोन ठमीच्या कानाला. मी म्हटलं, "ठमे, आई बोलतेय." झालं. तिने जे भोकाड पसरलं! मग मला राहवेना, पुन्हा फोन. पुन्हा कानाला. पुन्हा भोकाड. आणि दहा सतराला मावशींचाच फोन, कशासाठी? तर, "थांबली हो रडायची, काळजी करू नका," हे सांगायला. आणि मागून ठमीचं, "आई?" आणि पुन्हा सुरू... गेलेलं परत येतं ते असं.

एक हात फोनला, दुसऱ्या हाताने मी टेबलावरच्या दोन्ही लेसरच्या हिरव्या तारांना निळ्या तारा जोडून मोकळी झाले. दोन्ही! डावीकडे जुन्या पद्धतीचा लेसर. उजवीकडे नवा, ठिपक्यांचा. त्याच्या पोटात प्रकाश करणारे लाखो ठिपके असतात म्हणे, इतके बारीक की धुळीचा कण त्यांच्यापुढे डोंगर. मॅडमना त्या दिवशी फक्त दोघे शांतपणे कसे चालतात तेवढंच बघायचं होतं.

सुरू केलं, तर डाव्याच्या पडद्यावर जिथे एक बारीक रेघ दिसायची तिथे गवत माजलेलं. मॅडम म्हणाल्या, "हा गेला वाटतं." लेसर बदलला, पुढची तार तीच. पुन्हा गवत. तिसरा लावला. पुन्हा तेच. वीजपुरवठा बघितला, पंखा बंद केला, मलाच विचारलं, "तुम्ही टेबलाला धक्का दिलात का?" मी नाही म्हणून मान हलवली, आणि तेवढ्यात माझी नजर तारेवर गेली. निळा.

आता सांगा, तुम्ही बोलला असता? सांगितलं तर संध्याकाळचा निकाल दुपारीच. न सांगितलं तर त्या बाई चौथाही लेसर कचऱ्यात टाकणार. अर्धा तास मी नुसती फडक्याने स्वच्छ टेबल पुसत होते. शेवटी म्हटलं, "मॅडम, निळा लागलाय. माझ्याकडून."

"डाव्याला?"

"दोन्हींना."

मॅडम वळल्या. उजव्या पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे रेघ जशीच्या तशी, सरळ, जणू त्या लेसरच्या गावीच नाही काही. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात मी हेच मुद्दाम करून बघणार होते." मला समजावलं, की जुन्याला परत आलेला प्रकाश लागला की त्याचा जोर हलतो, जोराबरोबर रंग हलतो, आणि तो स्वतःलाच आवरू शकत नाही. ठिपक्यांच्या लेसरलाही धक्का लागतो, पण तो जागच्या जागी जिरतो. मी विचारलं, "म्हणजे तो कधीच बिथरत नाही?" "फारच प्रकाश परत आला तर तोही बिथरतो. पण सोसतो पुष्कळ."

तेवढ्यात खिसा थरथरला. मॅडमनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डाव्या पडद्याकडे बघितलं. म्हणाल्या, "मावशींना सांगा, फोन दुसऱ्या खोलीत जाऊन घ्या म्हणावं."

नोकरी? राहिली. म्हणजे आणखी तीन महिने परीक्षेवरच. आणि काम काय, तर आता मॅडमच्या त्याच प्रयोगासाठी रोज मोजून मापून चुकायचं, निळा किती, हिरवा किती, वहीत लिहून. नवरा म्हणतो, "चुकायचा पगार मिळणारी तू घरातली पहिली."

तर तुमच्यापैकी कुणी त्या पाळणाघरावरून जाणार असेल तर एवढा निरोप द्या. म्हणावं, ठमीची आई आता फोन करणार नाही, तुम्हीही करू नका, आणि फोन तिच्या कानाला तर अजिबात लावू नका. आणि मावशी काय म्हणाल्या, ते मला परत येऊन सांगायची काही गरज नाही.

...बरं, ती रडत होती का तेवढं सांगा.