आयतु म्हणजे ठरलं

जबाब, दि. ०३/०२/२०२५, सकाळी ११.४० वा.

नाव बंडप्पा मल्लप्पा कोराळे, वय ५२ वर्षे, धंदा वेल्डिंग व फॅब्रिकेशन, शिक्षण नववी नापास, राहणार हमरस्त्यालगत, ट्रक बॉडीच्या गॅरेजमागे, उमरगा, जि. धाराशिव.

सीमा स्पोर्टिंग फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी श्री. रामहरी शेळवणे यांनी माझ्याविरुद्ध दिलेली फिर्याद मला आज पोलीस ठाण्यात वाचून दाखवली. त्यावर मी समोर बसून, कुणाच्या दबावाखाली न येता सांगतो ते असे.

फिर्यादीत ‘क्लबच्या मालकीचा गोलपोस्ट’ असे शब्द आहेत. म्हणून मैदानावर माझ्या हातचे काय काय आहे ते आधी लिहून घ्यावे. दोन गोलपोस्ट, चार इंची पाईपचे, दोन खांबांमध्ये आतून आत ७ मीटर ३२ सेंटिमीटर, जमिनीपासून आडव्या पाईपच्या खालच्या कडेपर्यंत २ मीटर ४४. कोपऱ्यांच्या चार झेंड्यांच्या काठ्या, वरचे टोक गोल केलेले, कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. उत्तर बाजूची सहा पायऱ्यांची लोखंडी बैठक. गोलफलक, आणि त्यावर अडकवायच्या शून्य ते नऊ आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या, दोन संच. आमच्या बाजूच्या शून्याच्या पाटीला मला तीनदा रंग द्यावा लागला. दोनच्या पाटीचा पहिलाच रंग अजून शाबूत आहे.

पाईप वीस फुटी येतो. आडव्याला चोवीस फूट लागतात. म्हणजे जोड आला. आत दुसऱ्या पाईपचा तुकडा घालून मी तो जोड दिला आणि ग्राइंडरने असा घासला, की जोड कुठे आहे हे कुणी बोट लावून दाखवले तर मी त्या दिवशी धंदा सोडीन. हे मला कुणी शिकवलेले नाही. खेळाच्या नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स मी सोलापूरहून आणली आणि इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून पावसाळाभर वाचली. पाईप माझा, वेल्डिंग माझे, मजुरी माझी. क्लबचे सिमेंट आणि पांढरा रंग. गोलपोस्ट माझ्या दुकानात आहे. क्लबने कधीही यावे आणि आपला रंग खरडून घेऊन जावा.

आता क्लबच्या खेळाबाबत. मागील हंगामात चौदा सामन्यांत आमचे गोल पाच. पैकी दोन पेनल्टीचे, एक समोरच्या संघाच्या गड्याने स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. आमचा बचाव चांगला आहे, गोलकीपर चांगला आहे. पुढे गोल मारणारा माणूस नाही. ही गोष्ट उत्तर बाजूला बसणाऱ्या प्रत्येकाला दोन वर्षांपासून माहीत आहे. तिथे कोंडाबाई भज्यांचा गाडा लावतात. सामना चालू असताना एक बाजू ओरडते, “गोल कोन मारनार?” दुसरी ओरडते, “कोंडाबाई!” कोंडाबाई झारा वर करतात. लोक हसतात. मी हसत नाही. तो गोल मी केलेला आहे, आणि त्यात चेंडू जात नाही.

दि. १२ जानेवारी रोजी मी स्वतः एक गडी मैदानावर आणला. नाव रुद्रेश, वय २२, गाव हद्दीच्या पलीकडे कर्नाटकात, बसवकल्याण तालुक्यात. त्याला मी तिकडच्या जत्रेतील स्पर्धेत पाहिला होता. सेक्रेटरी व उत्तर बाजूच्या साठ-सत्तर लोकांसमोर त्याने वीस फटके मारले. सतरा आत गेले, दोन गोलकीपरने अडवले, एक आडव्या पाईपला लागला. जोडापासून एक वीत डावीकडे. तो आवाज मला समजतो. सेक्रेटरी म्हणाले, “घेऊन टाकू. हंगामाचे बारा हजार आणि एसटीचं भाडं.” त्याच दिवशी मी रुद्रेशच्या गावी जाऊन त्याचे वडील धुळाप्पा यांना शब्द दिला, की तुमचा मुलगा आमच्याकडे खेळणार. धुळाप्पांना मराठी समजते, बोलता येते ते अडखळत. माझी आई पलीकडची. मला कानडी येते.

बाहेरच्या गड्याचे नाव फुटबॉल संघटनेकडे ऑनलाइन पाठवायची मुदत दि. ३१ जानेवारी, सायंकाळी पाचपर्यंत होती. फॉर्म भरून तयार होता. फक्त वडिलांचा शेवटचा होकार घ्यायचा होता. आदल्या दिवशी मी सेक्रेटरींना सांगितले, की फोन करताना मला बोलवा. ते म्हणाले, “कोराळे, मी मराठीचा एम. ए. आहे. तुम्ही तुमचं वेल्डिंग बघा, बोलायचं माझ्यावर सोडा.” सेक्रेटरी मूळ भूमचे आहेत, इथे शिकवणी वर्ग चालवतात. भूमकडे कानडी कुणाच्या कानावर पडत नाही. हा त्यांचा दोष नाही. न विचारणे हा दोष आहे.

दि. ३१ रोजी दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी सेक्रेटरींनी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. मेसेज माझ्या मोबाईलमध्ये आहे, तो जसाच्या तसा असा: ‘बारा हजारात पाठवता ना, असे विचारल्यावर खेळाडूच्या वडिलांनी “आयतं, आयतं” असे दोनदा म्हणून क्लबचा अपमान केला. आपण कुणाचं आयतं खात नाही. मी फोन ठेवला आहे. विषय बंद.’

सदर मेसेज मी ४ वाजून २० मिनिटांनी वाचला. पाच वाजायला चाळीस मिनिटे होती. मी जन्मात कुणाचे आयते घेतलेले नाही, त्यामुळे तो शब्द मला लागला. धुळाप्पांचा राग आला. माझ्यासमोर एक बोलले आणि फोनवर दुसरे, असे मला वाटले. मी त्यांना फोन केला नाही. मोबाईल गल्ल्यात टाकला आणि एका ग्रिलचे काम सुरू केले. हे फिर्यादीत नाही, तरी लिहून घ्यावे.

दि. २ फेब्रुवारी, रविवार, सामना दुपारी ४ वाजता होता. ३ वाजून २५ मिनिटांनी धुळाप्पा व रुद्रेश मैदानाच्या फाटकावर आले. रुद्रेशच्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत बूट. धुळाप्पांनी इस्त्रीचे धोतर नेसले होते आणि क्लबसाठी एक किलो पेढे आणले होते. सेक्रेटरी फाटकावर यादी घेऊन बसले होते. दोघांना पाहून ते मोठ्याने म्हणाले, “काय पाव्हणं, आता आयतं खायला आलात व्हय?” तिथे चाळीसेक लोक होते. पेढ्यांचा पुडा धुळाप्पांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

मी पुढे झालो. मीही रागातच होतो. मी विचारले, “धुळाप्पाअण्णा, यायचंच हुतं तर फोनवर तसं का बोललात?”

“कसं बोललो?”

“आयतं म्हनालात न्हवं?”

“आयतु म्हनालो. दोन बार म्हनालो. मग त्यांचा फोन कट झाला. मला वाटलं, रेंज गेली.”

आयतु. साहेब, कानडीत आयतु म्हणजे झालं, ठरलं, कबूल. सौदा पटला की माणूस आयतु म्हणतो. माझी आई दिवसातून पन्नास वेळा म्हणायची. धुळाप्पांनी एकदा नव्हे, दोनदा होकार दिला, म्हणून ते मुलाला घेऊन आले. सेक्रेटरींनी ऐकून चूक केली. मी तोच शब्द मराठीत लिहिलेला वाचून चूक केली, कानडी येत असून.

मी हे फाटकावर सर्वांना मोठ्याने सांगितले. सेक्रेटरी म्हणाले, “हे बघा, शब्दाचा घोळ झाला असंल, पण मुदत संपली. आता काय उपयोग? पुढच्या हंगामात बघू.” हे ‘पुढच्या हंगामात बघू’ उत्तर बाजूने दोन वर्षांत चार वेळा ऐकले आहे. आरडाओरडा सुरू झाला. कोंडाबाई गाडा सोडून फाटकावर आल्या आणि म्हणाल्या, “सेक्रेटरी, पोरगं दारात हुबं हाय, अन् तुमी यादी काय बघता? एक फोन धड करता यीना तुमाला. आता तुमीच चड्डी घाला अन् उतरा खेळाय. न्हायतर मी हायच.” त्यावर लोक हसले. मग हसणे थांबले आणि शिव्या सुरू झाल्या. शिव्या कुणी दिल्या ते मला माहीत नाही. दगड, चप्पल, काहीही फेकले गेले नाही. फिर्यादीत ‘दगडफेकीची तयारी’ असे लिहिले आहे ते खोटे आहे. त्या मैदानावर दगड नाहीत. मी दर शनिवारी वेचतो.

मी धुळाप्पांना व रुद्रेशला उत्तर बाजूच्या पहिल्या पायरीवर बसवले. रुद्रेश म्हणाला, “काका, न्हाय जमत तर ऱ्हाऊद्या. सामना बघून जातो.” त्याने पिशवी मांडीवर घेतली. समोर दहा पावलांवर गोल होता.

३ वाजून ४२ मिनिटांनी मी टेम्पोतून माझा पाना आणला. खांब जमिनीत पुरलेले नाहीत. सिमेंटमध्ये मी खोबणी बसवली आहे, खांब त्यात उभा राहतो आणि चार बोल्टांनी आवळला जातो. बोल्टांची डोकी पाचकोनी आहेत, चोरी होऊ नये म्हणून. तसा पाना उमरग्यात एकच आहे, तोही मी केलेला. मी आठ बोल्ट काढले. सेक्रेटरी धावत आले. “अहो कोराळे, हे काय चालवलंय? मॅच हाय आत्ता!”

मी म्हणालो, “गोल मारनारा नको म्हनता, मग गोल कशाला पायजे?”

उत्तर बाजूच्या चौघांनी गोल उचलून टेम्पोत ठेवायला हात लावला. त्यांची नावे मी सांगणार नाही. त्यांना मी सांगितले म्हणून त्यांनी उचलले. निघताना दोन्ही खोबण्यांवर मी लोखंडी झाकणे बसवली, कुणाचा पाय अडकून मोडू नये म्हणून. ही झाकणेही माझीच आहेत. ४ वाजता टेम्पो मैदानाबाहेर पडला. दुसरा गोल जागेवरच आहे. पंचांनी सामना रद्द केला. समोरच्या संघाला जाण्यायेण्याचा त्रास झाला, त्याबद्दल मी त्यांच्या कप्तानाला फोन करून माफी मागितली आहे. क्लबची मागितलेली नाही.

धुळाप्पा व रुद्रेश साडेपाचच्या एसटीने गेले. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. धुळाप्पांनी पेढे माझ्या हातात दिले. मी म्हणालो, “चूक माझीबी हाय, अण्णा. मी तुमाला फोन लावाय पायजे हुता.” ते म्हणाले, “आयतु.” यावेळी त्याचा अर्थ होता, झालं, सोडा आता. एकाच शब्दाचा. हेही लिहून घ्यावे.

हा जबाब संगणकावर लिहून मला वाचून दाखवला. तीन ठिकाणी मी दुरुस्ती करून घेतली. ‘सात मीटर तीस’ असे पडले होते, ते सात बत्तीस केले. ‘गोलपोस्ट चोरून नेला’ असे पडले होते, ते ‘काढून नेला’ केले. धुळाप्पांच्या तोंडी इथेही ‘आयतं’ असेच लिहिले गेले होते, ते ‘आयतु’ केले. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगतो. आज सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी सेक्रेटरी एकटे माझ्या दुकानात आले. उभ्यानेच बोलले. म्हणाले, की फिर्याद मागे घेतो, गोलची मजुरी म्हणून रोख रक्कमही देतो. त्या बदल्यात मी जबाबात त्या चौघांची नावे सांगावीत आणि फोनचा विषय काढू नये. “लोक मला रस्त्यात आयतु, आयतु म्हणून चिडवतात हो. क्लासमधली पोरंसुद्धा. आणि फोनचा विषय निघाला नाही, तर कोराळे, तुमचीपण ती चाळीस मिनिटं झाकून जातील. मेसेज तुम्ही चार वीसला वाचल्याचं माझ्या मोबाईलवर दिसतंय.” मी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, धुळाप्पांच्या पेढ्यांतला एक पेढा दिला आणि नाही म्हणालो. रुद्रेशसाठी बारा हजार ठरले होते. मला देऊ केलेली रक्कम आकड्यात न लिहिता अक्षरात लिहावी, पुढेमागे कुणी शून्य खाऊ नये म्हणून: एकवीस हजार रुपये फक्त.