केरबा मापाडी मेल्यावर बोलला

मंडळी, एक सवाल टाकतो. मेलेला माणूस खोटं बोलू शकतो का? नाही! बरोबर. जीभच राखेत गेली, बोलणार कशानं? पण निवडणूक लागू द्या — मेलेलेही घडाघडा बोलतात! हसू नका. ऐका.

एका तालुक्याच्या गावी केरबा मापाडी होता. बाजार समितीत धान्य तोलायचा. काटा असा सरळ, की व्यापारी दातओठ खायचे आणि शेतकरी डोळे मिटून माल टाकायचे. त्याची बायको सोजरबाई म्हणायची, "ह्या माणसानं नव्या नवरीची बी खोटी तारीफ केली नाही!" — तक्रार होती की कौतुक, तुम्हीच ठरवा.

तर केरबाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही जिल्ह्याला! बसनं ऐंशी किलोमीटर जायचं, ऐंशी यायचं. सोजरबाई सोबत, मांडीवर भाकरीचं फडकं. अशात पुढारी दलपतभाऊंनी तालुक्याच्या दवाखान्यात यंत्र आणलं. फीत कापली, बँड वाजला. यंत्राशेजारी केरबाला बसवलं आणि फोटो काढला. केरबा हसला. मंडळी, मनापासून हसला हो! त्याला वाटलं, आपण वाचलो.

यंत्र एक दिवसही चाललं नाही. चालवणारा माणूसच नेमला नव्हता! चार महिन्यांनी केरबा बसमध्येच गेला — बायकोच्या खांद्यावर मान टाकून.

वर्ष उलटलं. निवडणूक आली, आणि पक्षाची वेबसाइट आली! पूर्वी पुढारी दारात यायचे. निदान दारातली गटार तरी त्यांना ओलांडावी लागायची! आता ते दारात येत नाहीत, थेट खिशातल्या फोनमध्ये येतात. आणि काय ती वेबसाइट! रस्ते लोण्यासारखे, नळाला पाणी धो धो! मृदंगाचार्य, तुमच्या गल्लीत येतं का पाणी? बघा, नुसतेच हसतात. अहो, वेबसाइटवर बघा, पूर आलाय!

एका दुपारी सोजरबाईची लेक वैजू फोन घेऊन आली. "आई, बघ, आपले बाबा." फोटोत केरबा हसतोय, आणि खाली लिहिलंय — 'भाऊंमुळे आज मी ठणठणीत आहे. केरबा, लाभार्थी.'

सोजरबाईचे हात परातीतल्या पिठात तसेच राहिले. ज्यानं जन्मभर काट्यावर बोट ठेवलं नाही, त्याला मेल्यावर खोटं बोलायला लावलं! आणि तेही कशाचं? ज्या यंत्रावाचून तो गेला, त्याचं!

ती पक्षाच्या कार्यालयात गेली. तिथले कारभारी बापूराव कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाले, "काय मावशी?"

"दादा, ह्यो माणूस मेलाय. फोटो काढा."

"वेबसाइट पुण्यातून चालते. निकालापर्यंत काही काढता येत नाही. आणि मावशी, फोटो किती छान आलाय!"

छान आलाय! घ्या! हे ऐकून विरोधी पक्षाचे लोक धावत आले. दया आली म्हणता? छे! "मावशी, आमच्या वेबसाइटवर या. फक्त रडायचं. डोळ्यांना पदर लावा, बाकी आम्ही लिहितो." एकाला मेलेला हसरा हवा, दुसऱ्याला जिवंत रडकी हवी! सोजरबाईनं त्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं.

मग ती फुलवाल्याकडे गेली आणि झेंडूचा एक हार घेतला.

त्या दिवशी दलपतभाऊ कार्यालयात होते. सोबत मातोश्री, चहा, भजी, पन्नास कार्यकर्ते. भिंतीवर हा एवढा मोठा पडदा, त्यावर वेबसाइट. एक फोटो सरकतो, दुसरा येतो. सोजरबाई आत आली. लोकांना वाटलं, हार भाऊंना! वाट करून दिली. भाऊंनी तर मानही पुढे केली! ती पडद्यापाशी उभी राहिली. केरबा आला. तिनं पडद्याच्या दोन्ही कोपऱ्यांना हार अडकवला, हात जोडले. "गेलेल्या माणसाच्या फोटोला हार लागतो, भाऊ. तुमच्यानं राहून गेला होता."

आणि फोटो सरकला! हाराखाली कोण? दलपतभाऊ! हसरे, हात जोडलेले, गळ्यात झेंडू!

मातोश्रींनी किंकाळी फोडली, "अगं बाई! जित्या लेकराच्या फोटोला हार!" भाऊंच्या हातातलं भजं खाली पडलं. "काढा! आधी काढा ते!"

सोजरबाई शांतपणे म्हणाली, "काढू नका. निकालापर्यंत काढता येत नाही, असं बापूरावांनी सांगितलंय."

मंडळी, पुणं किती लांब? त्या दिवशी दहा मिनिटांच्या अंतरावर आलं! आधी केरबाचा फोटो वेबसाइटवरून गेला, मगच हार उतरला. एक माणूस मेला, त्याचं काही वाटलं नाही. स्वतःच्या फोटोला हार दिसला, तर घाम फुटला! अशांना म्हणायचं लोकनेते!

टाळ्या वाजवू नका. अजून संपलं नाही.

घरी आल्यावर वैजू म्हणाली, "आई, त्या फोटोखाली चारशे जणांनी अंगठा दाबला होता. ते पान मी फोनमध्ये टिपून ठेवलंय." सोजरबाईनं नावं वाचून घेतली. सगळी गावातलीच नावं! पहिलंच नाव शेजारच्या विठोबातात्यांचं. तात्यांनी केरबाला खांदा दिला होता. ती तशीच त्यांच्या ओसरीवर गेली. "तात्या, तुम्ही तर त्यांना पोचवून आला होता. मग ते ठणठणीत आहेत, याच्यावर अंगठा कसा दाबला?"

तात्यांनी मान खाली घातली. "वहिनी, केरबाचा चेहरा दिसला, जीव भरून आला, म्हणून दाबला गं. खाली काय लिहिलंय ते वाचलं कोण?"

सोजरबाई रडली, मंडळी. बसमध्ये नवरा गेला तेव्हा जी रडली नव्हती, ती त्या ओसरीवर रडली.

दलपतभाऊला शिव्या देणं सोपं आहे. आत्ता तुम्ही मनात दिल्यातही! पण त्याच्या खोट्याला चारशे अंगठे कुणी लावले? मघापासून मी इथून बघतोय. कथा चालू असताना कितीजणांचे अंगठे चालू होते! काय दाबलंत, सांगता येईल? डावीकडचे पाहुणे, तुम्हालाच विचारतोय!

टाळकरी, थांबा. देवाचं नाव नंतर घेऊ. काढा फोन. दिवसभरात जे जे दाबलंत, ते एकदा वाचा. मी उभा आहे.