ब्रिझारच्या तोंडचे शब्द

पोर्ट हॅलोरन पोलीस ठाणे, क्वीन्सलंड. ता. २६ जुलै १८८९.

नाव फिलिप रेनूफ, वय ५१, धंदा खोगिरे शिवणे, राहणार जेटी रस्ता. जन्म जर्सी या फ्रेंच बोलणाऱ्या इंग्रजी बेटावरचा, असे गावच्या दफ्तरात आहे. ते खोटे आहे. माझे खरे नाव मार्सेलँ गेदों, जन्म फ्रान्सचा.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की, गावात फ्रेंच भाषा येणारा मी एकटाच. न्यू कॅलेडोनिया या फ्रेंचांच्या काळ्या पाण्याच्या बेटावरून पळालेले कैदी होड्यांतून आमच्या किनाऱ्याला लागतात. त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभे करताना दुभाषी म्हणून मला बोलावतात. फ्रेंचांनी मागितलेला माणूस हाच, असे ठरले की त्याला त्यांच्या हवाली करतात. हे काम मी नऊ वर्षे करतो.

मीही त्यातलाच. वीस वर्षांची सक्तमजुरी होती, पाच भोगून १८७४ साली पळालो. त्या संध्याकाळच्या हजेरीत माझ्या नंबराला ओनोरे ब्रिझारने ओ दिली. तो माझ्या शेजारच्या फळीवर झोपत असे. त्यामुळे मी पळाल्याचे सकाळपर्यंत कोणाला कळले नाही. त्यापायी त्याला किती फटके पडले ते मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

ता. ११ मार्च, सोमवारी सकाळी दहाला सार्जंट कीऑग यांनी मला कोर्टात नेले. शिंपले काढणाऱ्या गलबतावरून उतरलेला एक इसम त्यांनी धरला होता. फ्रेंचांना कॉर्बिनो नावाचा कैदी हवा होता, पहारेकऱ्याचा खून करून पळालेला. वर्णन : मध्यम उंची, तपकिरी केस, वरचा एक दात नाही. या वर्णनात निम्मे गाव बसते, मॅजिस्ट्रेटसाहेबही बसतात. धरलेला इसम ब्रिझार होता. पंधरा वर्षांनी मेल्याला हेच गाव सापडावे?

साहेबांनी विचारले, तू कॉर्बिनो का? मी ते फ्रेंचमध्ये विचारले. ब्रिझारने मला निरखून पाहिले आणि हळू आवाजात म्हणाला, "अरे मार्सेलँ, तूच की. घाबरू नकोस, यांना काय कळतंय. एवढंच सांग, मी कॉर्बिनो नाही, ब्रिझार. शिक्षा दोन वर्षांमागंच संपली माझी. सुटकेचा कागद बेटावरच्या पाद्रीबाबाकडं ठेवलाय. पोट सुटलंय रे तुला."

सगळे कोर्ट माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत सांगितले, "तो म्हणतो, ब्रिझार हे मी घेतलेलं खोटं नाव. मी कॉर्बिनोच. पहारेकऱ्यानं मारलं म्हणून मी मारलं."

साहेब भले माणूस आहेत. ते म्हणाले, जिवावरची गोष्ट आहे, त्याला नीट समजले ना? मी ब्रिझारला विचारले, "पाद्रीबाबाला पत्र धाडून कागद मागवतो म्हणतात साहेब. चालेल ना?" त्याने मान हलवली. हसलाही. वरचा दात नव्हता, ते सगळ्यांनी पाहिले.

मला बायको नोरा व दोन मुली आहेत. चर्चमध्ये माझी ठरलेली जागा आहे. ब्रिझार गावात राहिला तर दोन घोट जास्त झाल्यावर कधी तरी बरळेल, असे मी मनाशी म्हटले. खरे तर त्याच्या पोटात गोष्ट राहते हे मला पक्के ठाऊक होते. हे वाक्य गाळू का, असे सार्जंट विचारतात. गाळू नये.

पुढे तीन आठवडे तो कोठडीत पाद्रीबाबाच्या उत्तराची वाट बघत होता. मी दोनदा तंबाखू नेऊन दिली. उत्तर येईल, लांबचा पल्ला आहे, असे म्हणालो. गावात मी जर्सीचा म्हणवतो, तेही सांगितले. दोन्ही वेळा त्याने माझ्या मुलींची नावे विचारली.

ता. २ एप्रिल रोजी जेटीवर फ्रेंच शिपायाने त्याला कॉर्बिनो म्हणून हाक मारून बेड्या घातल्या, तेव्हा त्याला कळले. त्याने माझ्याकडे पाहिले. शिपायाने विचारले, तुझी कबुली इंग्रजीत कोणी सांगितली? मी चार हातांवर उभा होतो. ब्रिझार म्हणाला, "हा समोरचा. जर्सीचा आहे कुणी. फ्रेंच कच्ची आहे बिचाऱ्याची." मला वाटले, सुटलो. घरी जाऊन पोटभर जेवलो.

काल बोटीने मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या नावे फ्रेंच पत्र आले. सार्जंटनी ते वाचायला मलाच दिले. माणूस पोचला, आभारी आहोत, असे मी वाचले. ते खोटे आहे. पत्र पाद्रीबाबाचे आहे, सोबत ब्रिझारचा सुटकेचा कागद आहे. जहाज बेटाला लागल्यावर त्यांना जे कळले ते लिहितात की, जहाजाच्या तळाशी रोज हजेरी होई. कॉर्बिनो म्हणून पुकारले की हा ओ देत नसे, मी ब्रिझार म्हणे. जो ओ देत नाही त्याला पाणी नाही, असा तिथला दंडक. नवव्या दिवशी तो मेला. दुसऱ्याच्या नंबराला एकदा ओ देऊन त्याने काय मिळवले होते, ते मी वर सांगितलेच आहे.

नोराला सकाळी सगळे सांगितले. ती म्हणाली, "मुलींसमोर परत येऊ नकोस." माझी पंधरा वर्षे भोगायची बाकी आहेत, फ्रेंचांना तसे कळवावे.

हा जबाब सार्जंट कीऑग यांनी मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. ब्रिझारची कबुलीही सहीपूर्वी त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवली होती. वाचणारा मीच होतो.

सही : मार्सेलँ गेदों