कुंकवाचा अंगठा

अनुया: पत्र कशाला, आजी? नॉर्वेचं ते चर्चच बंद होतंय. मतलब, पार्टनरशिपच संपली. आपल्या दत्तमंदिराच्या सेवा मंडळातर्फे आभाराचा मेल टाकते, झालं.

रत्नप्रभा: झालं म्हणे! तीस वर्षं तिथल्या बायकांनी स्वेटर विणले. जयपूरच्या थंडीत दवाखान्याबाहेर झोपणाऱ्या माणसांच्या अंगावर मी ते माझ्या हातांनी घातलेत. कागद आण. सही मी करणार.

अनुया: सेक्रेटरी मी आहे ना!

रत्नप्रभा: हो गं बाई. मी आपली स्वयंपाकीण. पण पहिलं पत्र तुझ्या आजोबांनी लिहिलं, तेव्हा खाली अंगठा माझा होता. शाई सापडेना, म्हणून कुंकवात बुडवून दिला. मग दरवर्षी तसाच.

अनुया: त्या चर्चच्या इंग्रिडबाई इथं आल्या होत्या ना?

रत्नप्रभा: एकदाच. माझ्या शेजारी बसून पोळ्या लाटल्या. एकेक पोळी म्हणजे राजस्थानचा नकाशा! जेवताना तिनं डोळे मिटले, मी श्लोक म्हणत होते. ती माझ्यासाठी थांबली, मी तिच्यासाठी. वरण गार झालं.

अनुया: मग अंगठा बंद का केलात?

रत्नप्रभा: साठीला लिहायला शिकले. ऐटीत अख्खं नाव काढलं पत्राखाली. तर तिकडून सांत्वनाचं पत्र! माझं मराठी अक्षर तिथं कोण वाचणार? अंगठा नाही म्हणजे मी गेले. चर्चमध्ये माझ्या नावानं मेणबत्तीसुद्धा लावली.

अनुया: हे भगवान! मग?

रत्नप्रभा: फोन करून सांगितलं, जिवंत आहे म्हणून. पण अंगठा नाही दिला परत. इतक्या कष्टानं शिकले, आता कशाला देऊ?

अनुया: आजी, थांबा. त्यांच्या पाद्रींच्या मेलमध्ये खाली अजून काही आहे. मी वाचलंच नव्हतं.

रत्नप्रभा: काय?

अनुया: इंग्रिडबाई वृद्धाश्रमात आहेत. दोन वर्षं झाली, अक्षरं दिसत नाहीत. रंग तेवढे कळतात. आपलं पत्र आलं की विचारतात, खाली लाल आहे का.

रत्नप्रभा: दोन वर्षं?

अनुया: हो.

रत्नप्रभा: आणि मी आपली सही ठोकत बसले.

अनुया: कागद आणते.

रत्नप्रभा: जाड आण. आणि देवापुढची कोयरी.

अनुया: कुंकू पुसलं जाईल. तेलात कालवू?

रत्नप्रभा: कालव. घट्ट कालव.

अनुया: सही कुठं करताय? वर की खाली?

रत्नप्रभा: सही तू कर, सेक्रेटरीबाई. कोपऱ्यात, बारीक. बाकी जागा मला लागेल.