वेशीच्या वळणात अडकलेलं कपाट

डोंगरावरच्या त्या गावाच्या जुन्या, चिरेबंदी वेशीबाहेर मी बसच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढे दोघी शेजारणी होत्या.

“काय गं, आल्या का सासूबाई कायमच्या राहायला?”

“वेशीपर्यंत आल्या. पण त्यांचं कपाट वेशीतल्या वळणात अडकलं.”

“आडवं करायचं!”

“हमालांनी आडवं, उभं, तिरकं सगळं करून पाहिलं. कपाटाशिवाय राहणार नाही म्हणाल्या आणि त्याच टेम्पोतून जाऊबाईंकडे गेल्या.”

“अरेरे!”

“हो ना. काल मी दुपारी पाय पसरून झोपले.”

“पण ही अडचणीची वेस पाडा म्हणून सभेत तूच ओरडत होतीस ना?”

“मी? पुरातन वास्तू आहे ती, बाई! एका दगडाला कुणी हात तर लावून दाखवावा!”